बिगारी बंद

नीराबाईच्या हातातला ओला बोंबील दोरीवर जायचा तो खाली वाळूत पडला, कारण पोर ओरडत येत होती.

"आये! बिगारी बंद झाली! सरकारनं बंद केली! आता उद्यापासून शाळा न्हाय!"

कमळ पाटी डोक्यावर उपडी धरून धावत होती आणि तिच्या मागं कोळवाड्यातली तिच्याएवढीच शेंबडी फौज, नाचत, उड्या मारत. एकानं तर सदरा काढून झेंड्यासारखा फिरवायला घेतला होता. इंग्रज गेला तेव्हासुद्धा खडपवाडीत एवढा आनंद झाला नव्हता. तेव्हा पावसाळा होता, लोक घरात जाळी विणत बसले होते.

आता बिगारी म्हणजे शाळेतली अगदी तळाची इयत्ता. पहिलीच्याही खालची. पोर रडायचं थांबलं आणि पाटी धरायला लागलं की त्याला बिगारीत बसवायचं. पण ती तळाची इयत्ता मिळवायला नीराबाईला काय काय करावं लागलं होतं! सासू म्हणाली, "पोरीला शाळेत घालतंस, मग मासळी काय मास्तर विकणार?" नवरा चंदर काही बोलला नाही, कारण तो कधीच काही बोलत नसे. कोळवाड्यातल्या बाया हसल्या. तरी नीराबाईनं गेल्या दिवाळीनंतर कमळला हाताला धरून शाळेत नेऊन बसवलं. आणि आता सरकारनं बिगारी बंद केली?

"कोन बोल्ला तुना?"

"मास्तर बोल्ले. पुस्तकात लिवलंय. बिगारी कायद्यानं बंद. जो कोन बिगारी घेईल त्याला शिक्षा."

"मास्तराला शिक्षा?"

"जो कोन घेईल त्याला," कमळ म्हणाली आणि पुन्हा नाचायला लागली.

नीराबाईनं लुगड्याला हात पुसले, कासोटा घट्ट केला आणि निघाली. बाजूच्या दोरीपाशी येसूबाई होती. तिचाही नातू त्या नाचणाऱ्यांत. ती काही न विचारताच मागं लागली. भरतीचं पाणी आणि रागावलेली कोळीण यांच्या वाटेत उभं राहू नये, हे त्या किनाऱ्यावर कुत्र्यांनाही ठाऊक होतं. शाळेपर्यंत जाईतो मागं आणखी बाया जमल्या. काही जणींना कशासाठी जातोय ते माहीत नव्हतं. भांडण आहे एवढं कळलं, ते पुरे होतं.

शाळा होती खोताच्या जुन्या कोठाराच्या पडवीत. मास्तरचा पगार सरकारचा, पण डोक्यावरची कौलं खोताची. हा दत्तात्रेय खोत, गाव त्याला अण्णा म्हणायचं. थळच्या अलीकडे समुद्रापासून डोंगरापर्यंत त्याच्या बापाची खोती होती. पुढं कायदा झाला आणि खोती गेली. पण खोत गेला नाही. तो शाळा समितीचा अध्यक्ष झाला. टोपी बदलली, डोकं तेच. परवा प्रजासत्ताक दिनाला झेंडा त्यानंच चढवला, पोरांना बत्तासे वाटले आणि मास्तरला सांगितलं, "गुणाजी, पोरांना जरा घटनेबिटनेची माहिती द्या. तपासणीला साहेब येतील, हक्क म्हणजे काय विचारतील, आणि ही कार्टी तोंडाचा आ करतील. माझं नाव जाईल."

म्हणजे पुढं जे झालं त्याचं श्रेय अण्णालाच द्यायला पाहिजे.

गुणाजी मास्तर पेणकडचा. मिठागरावर राबणाऱ्या घरातला. उंच, बांबूसारखा, आवाज मात्र ढोलासारखा. नोकरी अजून कायम झाली नव्हती. तो पडवीत एकटाच बसून फळा पुसत होता. बाहेर एवढ्या बाया बघून त्याला वाटलं कुणाची होडी बुडाली.

"मास्तर," नीराबाई पायरीवरूनच म्हणाली, "आमची पोरं शिकलेली तुमच्या डोल्यात खुपतान काय?"

"काय झालं?"

"वर आमानाच इचारता काय झालं? बिगारी बंद केलीत ती! एवढीशी पोरं, त्यांनी सरकारचं काय घोडं मारलं? बंद करायची तर चौथी करा! त्या पोरांच्या बापांना होडीवर हात तरी होतील!"

"बिगारी कोणी बंद केली?"

"तुमी! पुस्तकातून!"

गुणाजी मास्तरनं तिच्याकडं बघितलं, मग पायरीखाली पाटी घेऊन उभ्या असलेल्या कमळकडं बघितलं. मग त्याच्या ध्यानात आलं आणि तो हसायलाच लागला. खांबाला धरून हसला. बायांना आणखी राग आला.

"अवं आयांनो," तो डोळे पुसत म्हणाला, "बिगारी न्हाय. वेठबिगारी! मी चवथीच्या पोरांना शिकवत होतो. पडवी एक, बिगारीची पोरं तिथंच बसलेली, त्यांनी अर्धंच उचललं. आपल्या देशाची घटना आहे ना, त्यात कलम आहे. तेविसावं. कुणाकडून जबरदस्तीनं फुकट काम करून घ्यायचं नाही. त्याला वेठबिगारी म्हणतात. ती बंद. तुमची बिगारी चालू हाय!"

येसूबाईला पहिलं हसू फुटलं. मग सगळ्याच हसल्या. पदरात तोंड घालून, एकमेकींच्या पाठीवर थापा मारत. "वेठबिगारी! आनि ह्यो माझा नातू सदरा फिरवत आला!" पोरांची तोंडं मात्र उतरली. उद्या पुन्हा शाळा होतीच.

नीराबाईही हसली. पोरीची शाळा शाबूत होती. तिनं कमळला टपली मारली. "ऐकलंस? फुकटचं काम बंद हाय. शाळा न्हाय."

कमळनं डोकं चोळत मास्तरला विचारलं, "मंग दुपारची सुपारी?"

"कसली सुपारी?"

"आमी येचतो ती. ती बंद का चालू?"

हसणं थांबलं. एकदम थांबलं नाही. पुढच्या बायांचं आधी थांबलं, मागच्यांचं मग.

रोज दुपारी बिगारीची पोरं अण्णाच्या वाडीत जात. वाडी म्हणजे पोफळीची, शाळेच्या मागं, माडापर्यंत पसरलेली. हिवाळ्यात सुपाऱ्या पिकून खाली पडतात. झावळ्यांच्या खाली, पाटाच्या चिखलात, मुंग्यांत. मोठ्या माणसाला कमरेत वाकावं लागतं. बिगारीच्या पोराला वाकावं लागत नाही, ते मुळातच जमिनीच्या जवळ असतं. अण्णाचा गडी हिरामण पोरांना न्यायला येई आणि दिवस कलला की परत आणून सोडी.

"ते बागकाम आहे," मास्तर म्हणाला. पण त्याचा ढोल जरा ढिला पडला होता. "मूलोद्योग म्हणतात त्याला. सरकारचंच आहे, पोरांना हातानं काम शिकवायचं. मी आलो तेव्हा अण्णा म्हणाले, गावच्या लोकांचीच इच्छा आहे."

"आमची?" नीराबाई म्हणाली. "आमाना वाटलं तुमची! मास्तर धाडतो म्हंजे शिकणंच असेल, म्हणून पोरगीची काली नखं बघून मी गप बसले."

 अण्णानं मास्तरला गावाचं नाव सांगितलं होतं आणि गावाला मास्तरचं. मधल्या मधे सुपारी त्याच्या कोठारात जात होती.

नीराबाईनं नकळत स्वतःची नखं बघितली. तिनंही त्याच वाडीत सुपाऱ्या वेचल्या होत्या. अण्णाचा बाप होता तेव्हा. तेव्हा शाळाही नव्हती, नुसती वाडीच होती. प्रत्येक घरानं एक पोर द्यायचं. तिच्या आईनंही वेचल्या होत्या. त्याला कुणी वेठ म्हणत नव्हतं, रीत म्हणत. रीत म्हटलं की माणूस वाकतो. वेठ म्हटलं की पाठ दुखायला लागते. नीराबाईची पाठ त्या क्षणी दुखायला लागली, इतक्या वर्षांची एकदम.

"मास्तर," ती म्हणाली, "ते कलम आमच्या गावाला लागतं का निस्तं दिल्लीला?"

"सगळ्यांना लागतं."

"मंग उद्या पोरं जायची न्हाईत."

 मास्तरनं वर कौलांकडं बघितलं. बायांनीही बघितलं. कौलं अण्णाची. पोरं गेली नाहीत तर अण्णा पडवी काढून घेईल, पडवी गेली की शाळा गेली, आणि पुढं कुठला अण्णा कोळ्यांच्या पोरांना जागा देणार? येसूबाई नीराबाईच्या कानाशी लागली, "बाय गो, चार सुपाऱ्यांपायी शाळा घालवशील."

नीराबाईला ते कळत होतं. पोरीचं अर्धं शिक्षण हवं का अजिबात नको, असा तो सौदा होता आणि सगळे गरीब अर्ध्यावर सही करतात. म्हणून तर खोतांचं चालतं.

"मास्तर, तुमची नोकरी जाईल काय?"

"जाईल," गुणाजी मास्तर म्हणाला. मग त्याला स्वतःचाच राग आला. टेबलावर हात आपटून म्हणाला, "गेली तर गेली! सकाळी पोरांना तोंड वर करून सांगितलं वेठबिगारी बंद, आणि दुपारी मीच हिरामणाच्या हातात दिली त्यांना. आता तेविसावं कलम सोडून चोविसाव्यावर कुठल्या तोंडानं जाऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळभर त्यानं दुसरं काही शिकवलंच नाही. वजाबाकी नाही, कविता नाही. तळापासून वरपर्यंत सगळी पोरं एकत्र बसवली आणि गोष्टी करून सांगितल्या. काम आपल्या मर्जीनं केलं तर काम. दुसऱ्यानं दटावून, फुकटात करून घेतलं तर वेठ. आईला पाणी आणून दिलं तर? पोरं म्हणाली, काम! आई ओरडली तरी? थोडा गोंधळ झाला. मग कमळनं निकाल दिला, "पानी आपनच पितो ना, मंग काम." मास्तरला हे उत्तर घटनेपेक्षाही आवडलं. नाही म्हणायचं कसं, तेही शिकवलं. शिव्या द्यायच्या नाहीत. दगड मारायचे नाहीत. पळायचं नाही. बसून राहायचं आणि नाही म्हणायचं.

दुपारी हिरामण आला. नीराबाई आणि येसूबाई पडवीच्या बाहेर टोपल्या घेऊन बसल्या होत्या, जशा काही मासळी विकायला.

"चला रं," हिरामण नेहमीसारखा म्हणाला.

"न्हाय!" बिगारी म्हणाली.

हिरामण थांबला. त्याला आयुष्यात कुणी नाही म्हटलं नव्हतं, कारण तो कुणाला काही मागतच नसे. तो फक्त अण्णाचा निरोप पोचवी. लहानपणापासून अण्णाच्या गोठ्याशेजारी झोपणारा, अण्णाकडं जेवणारा माणूस. "चला ना रं," तो गयावया करत म्हणाला, "अण्णा माझ्यावर वरडंल."

"तेवीस!" येसूबाईचा नातू ओरडला. त्याला आकडा तेवढा लक्षात राहिला होता. मग सगळेच लागले. "तेवीस! तेवीस! तेवीस!" हिरामणला वाटलं पोरांना भूतबाधा झाली. तो पळाला.

थोड्या वेळानं अण्णा स्वतः आला. हातात छत्री, पाऊस नाही, उघडलेलीही नाही. नुसता मान म्हणून.

"काय गुणाजी, काय तमाशा?"

"अण्णा, पोरांना हक्क शिकवा म्हणालात. शिकवले."

"अहो, साहेबाला सांगायला शिकवा म्हटलं! माझ्यावर चालवायला नाही!" अण्णाचा आवाज चढला, मग त्यानं तो खाली आणला. हुशार माणूस. हसून म्हणाला, "हे बघा, वेठ वगैरे शब्द लहान पोरांच्या तोंडी घालू नका. हे शिक्षण आहे. मूलोद्योग. सरकारचंच धोरण. पोरं निसर्गात रमतात. मी उलट माझी वाडी त्यांना वापरायला देतो. उपकार म्हणा हवं तर."

मास्तरनं तोंड उघडलं, पण नीराबाई आधी उठली.  

"अण्णा, एक इचारू?"

"तू मध्ये कशाला पडतेस नीरे?"

"पडते. आमच्यात होडी वाळूत वर ओढायची असते ना, तवा दोराला ज्यानं हात लावला त्याला वाटा. मूठभर का व्हईना, मासळी. पोर असू दे, परका असू दे, गोसावी का असंना. हात लावला त्याला वाटा. ह्ये आमाना कायद्यानं न्हाय शिकवलं, आईनं शिकवलं. तुमी म्हनता ह्ये शिकनं हाय. असू दे. मंग शिकताना येचलेली सुपारी शाळेची. इका, आनि पोरांना पाट्या घ्या. आनि सुपारी तुमची असंल, तर ह्ये शिकनं न्हाय, ती वेठ. ती बंद हाय. आता बोला अण्णा. शिकनं का वेठ?"

 अण्णा दोन्हीकडून अडकला होता. आपल्याच शब्दाच्या जाळ्यात सापडलेला मासा किती वळवळतो ते नीराबाईनं पहिल्यांदा बघितलं, आणि खरं सांगायचं तर तिला फार गोड वाटलं. पडवीतली चौथी खुसखुसत होती. मास्तरनं दटावलं नाही.

"शिकनं!" बिगारीतलं कुणीतरी अण्णाला मदत करावी म्हणून ओरडलं.

अण्णानं छत्री जमिनीवर आपटली. "उठा! माझ्या पडवीतून उठा सगळे! आत्ताच्या आत्ता! बघतो कुठं शाळा भरवता! आणि गुणाजी, तुझी बदली अशा ठिकाणी करीन की तिथं शिकवायला माकडंसुद्धा मिळायची नाहीत!"

झालं. ज्याची भीती होती ते झालं. येसूबाईनं डोळे मिटले.  अर्धं शिक्षण होतं, तेही नीराबाईच्या तोंडानं गेलं. तिनं कमळकडं बघायचं टाळलं.

कमळ उठली. बसायचं गोणपाट तिनं झटकलं, त्यातली धूळ अण्णाच्या धोतरावर गेली. गोणपाट गुंडाळून काखेत मारलं आणि मास्तरला विचारलं, "कुठं जायाचं मास्तर?"

पोराला बाहेर जायचं म्हटलं की कारण लागत नाही. एका मिनिटात शाळा उठली. एकानं घंटा घेतली आणि ती घेतली म्हणजे वाजवायलाच हवी. दोघांनी नकाशाची गुंडाळी खांद्यावर टाकली, जणू वल्हं. फळा कुणाला उचलेना, तेव्हा येसूबाई पुढं झाली. पदराची चुंबळ केली, फळा डोक्यावर घेतला आणि मासळीच्या टोपलीसारखा तोल सांभाळत निघाली. त्यावर मास्तरच्या अक्षरात अजून तेविसावं कलम लिहिलेलं होतं. ते गावच्या चिंचोळ्या वाटेनं, मारुतीच्या देवळासमोरून, सगळ्यांच्या डोळ्यांच्या उंचीच्या वर, डुलत गेलं. नीराबाईनं विचार केला नव्हता कुठं जायचं. पाय आपोआप नेहमीच्या ठिकाणी गेले. समुद्रावर, बोंबलाच्या दोऱ्यांपाशी. ती जमीन कुणाच्या बापाची नव्हती.

"हितं?" मास्तर म्हणाला.

"हितं. वास येईल. पोरांना सवय हाय, तुमी नाक धरा."

उन्हाची व्यवस्था म्हणून नीराबाईनं घरच्या होडीचं जुनं शीड काढलं, बायांनी बोंबलाच्या दोन खांबांमध्ये ताणलं आणि त्याच्या सावलीत शाळा बसली. तळाला बिगारी, मग पहिली, दुसरी, क्रमानं. मास्तरचा आवाज असा की लाटांना ओरडावं लागलं. संध्याकाळी होड्या परत आल्या. चंदर वाळूत उतरला, आपली पोरगी, गावची पोरं, बायको आणि एक उंच माणूस बोंबलांच्या मधोमध "बे एके बे" म्हणताना त्यानं बघितली. 

"माझं शीड हितं काय करतंय?" तो म्हणाला.

"शिकतंय," नीराबाई म्हणाली.

चंदर, जो कधी काही बोलत नसे, मान मागं टाकून इतका मोठ्यानं हसला की त्याच्या होडीवरचे लोक मासळी टाकून बघायला आले. आले ते थांबले. त्यांनी वर शिडाला आणखी दोन गाठी मारल्या, कारण कोळ्याला ढिलं शीड बघवत नाही.

अण्णानं तालुक्याला तक्रार केली. मास्तरनंही केली. दोन्हींचं उत्तर यायचं तेव्हा येईल. सरकारचं उत्तर म्हणजे अमावास्येचं चांदणं. मास्तरची बदली होईल का, कुणी सांगू शकत नव्हतं. पण शाळा भरत होती. पोरं दुपारीही बसत होती, आणि दुपारचं शिकलेलं कमळ संध्याकाळी आईला वाळूत बोटानं लिहून दाखवत होती. पोफळीच्या वाडीत सुपाऱ्या पडत होत्या आणि पडून राहत होत्या.

एक दिवस दुपारी हिरामण आला. लांबून, माडाच्या आडून बघत. पोरं त्याला बघून सावध झाली. कुणीतरी "तेवीस" म्हणालंही. पण तो न्यायला आला नव्हता. शिडाच्या सावलीच्या कडेला येऊन तो उभा राहिला, डोक्याचं मुंडासं काढलं, हातात चुरगाळलं. बोटं सुपारीच्या रसानं काळी झाली होती. आता त्यालाच सगळ्या वेचाव्या लागत होत्या.

"मास्तर," तो म्हणाला, "एक इचारायचं व्हतं."

"विचार ना हिरामण."

"मी अण्णाकडं हाय. माझा बा बी व्हता. पगार न्हाय, निस्तं जेवन. जातो म्हनलं तर सोडत न्हाईत."  त्यानं समुद्राकडं बघितलं, मग पोरांकडं. "त्ये तुमचं तेवीस... त्ये मोठ्या माणसाला पन लागतं का? का निस्तं पोरांनाच?"

गुणाजी मास्तर उत्तर देणार होता. पण तळाच्या रांगेनं, कमळपासून शेवटच्या शेंबड्यापर्यंत, त्याला बोलूच दिलं नाही.

"लागतं!" बिगारी ओरडली.